लेक डॉक्टर व्हायचं म्हणतेय, पैशाचं काय?

आई-बाबांनो, आज तुमच्याशी पैशांबद्दल मोकळेपणानं बोलायचं आहे. मुलांच्या मार्कांबद्दल आपण दिवसभर बोलतो, शेजारीपाजारी बोलतात, क्लासवाले बोलतात. पैशांचं बोलणं मात्र रात्री, मुलं झोपल्यावर, दबक्या आवाजात होतं. नीटचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो आणि पुढच्या काही आठवड्यांत कित्येक घरांतली वीस-पंचवीस वर्षांची पुंजी घाईघाईनं मोडली जाते. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे भोसरी, चिखली, तळवडे, मोशी, चाकण, म्हाळुंगे अशा सगळीकडचे पालक अर्ज आणि कागद घेऊन माझ्याकडे येतात. बाबा तिसऱ्या पाळीवरून थेट आलेले असतात, आईनं कागदांची पिशवी छातीशी धरलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, कर्ज किती मिळेल हो?"

तुम्हाला मनापासून सांगते, कर्जाचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की प्रवेश कोणत्या वाटेनं मिळतोय? मुलगी कोणत्या फेरीतून, कोणत्या प्रकारच्या महाविद्यालयात आणि कोणत्या कोट्यात जाते, यावर शिष्यवृत्ती, फीमाफी आणि व्याजसवलत मिळणार की नाही हे ठरतं. एकदा चुकीच्या वाटेनं पैसे भरले, की घर कितीही गरजू असलं तरी सरकारी मदत मिळवणं फार अवघड होतं. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी, शक्य असेल तर लेक अकरावीत असतानाच, हे समजून घ्या.

वाट कोणती, तशी मदत

सरकारी महाविद्यालयाची वाट सगळ्यांत स्वस्त. पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय असो की राज्यातलं दुसरं कुठलं, एमबीबीएसचं वर्षाचं शुल्क सर्वसाधारणपणे दीड लाखाच्या आसपास असतं. त्यानंतर येतात खासगी विनाअनुदानित महाविद्यालयं. त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि प्रत्येक महाविद्यालयाचा आकडा जाहीर करतं. या महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून गुणवत्तेवर भरतात. उरलेल्या १५ टक्के संस्थास्तरावरच्या असतात आणि तिथली फी काही पटींनी जास्त असते. अभिमत विद्यापीठांची वाट वेगळी. त्यांचे प्रवेश दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत, म्हणजे एमसीसीमार्फत होतात आणि बहुतेक ठिकाणी एमबीबीएसची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते.

आपल्या भागात एक गोष्ट हमखास घडते. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे आणि तिथेच डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाची वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयं आहेत. मुलं लहानपणापासून तो परिसर बघत मोठी होतात. घराजवळ आहे, हॉस्टेलचा खर्च वाचेल, असं आपल्याला वाटतं. पण ते अभिमत विद्यापीठ आहे, आणि राज्याच्या बहुतेक फी-सवलती अभिमत विद्यापीठांना लागू होत नाहीत. हॉस्टेलचे वर्षाला लाखभर वाचवायला जाऊन फीचे अनेक लाख वाढतात. तळेगावचं खासगी महाविद्यालय, नऱ्ह्याचं खासगी महाविद्यालय, ससूनजवळचं बी. जे., पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय, या प्रत्येकाचं शुल्क वेगळं आणि नियम वेगळे. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, पाच वर्षांच्या रुपयांत मोजा.

आता मदतीचं पाहू. मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गातली असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं तिचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतूनच हवा. संस्थास्तर किंवा व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश, तसंच खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. खुल्या प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षणशुल्काचा निम्मा भार शासन उचलतं, कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांसाठी. ओबीसी मुलांनाही निम्मं शुल्क मिळतं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर फी आणि निर्वाहभत्ता मिळतो, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप. या सगळ्यांचा अर्ज महाडीबीटीवर, आणि तो दरवर्षी नव्यानं भरावा लागतो.

हॉस्टेलसाठीही मदत असते, पण पालक ती विसरतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तुमच्या नावावर गावाकडे दोन एकर असतील, तर अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवा. बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याहून इथं आलेल्या घरांना याचा खरा उपयोग होतो. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये उभी केलेली ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना राहण्या-जेवणाची सोय करून देते.

कुणाचीही मदत घेताना काही आई-बाबांना संकोच वाटतो, विशेषतः कंपनीत कायम असणाऱ्या बाबांना. संकोच करू नका. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर संस्थानची सेवा करण्याचा करारही त्यांनी केला होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उघडली ती खेड्यातल्या मुलांनी शिकावं म्हणूनच. मुलांच्या शिक्षणात समाजानं पैसा घालायचा आणि मुलांनी शिकून समाजाला तो परत करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची सक्तीची सेवा करावी लागते, ती याच रीतीतली. ती सेवा पगारी असते आणि तिथं मुलीचा हात चालायला लागतो. या सेवेला घाबरून खासगीची वाट धरू नका.

वानवडीतल्या एएफएमसीचा, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचाही विचार करा. तिथं शिक्षणशुल्क नाही. बदल्यात शिक्षण झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत जावं लागतं. मध्येच सोडलं तर मोठी रक्कम भरावी लागते. लेकीला शिस्तीचं, बदल्यांचं आयुष्य आवडणार असेल, तर पैशाची चिंता इथं जवळजवळ संपते. पण हा निर्णय तिचा असू द्या. फी वाचते म्हणून पोरीला गणवेश चढवू नका.

पगाराची स्लिप समोर घ्या

आता एक काम करा. गेल्या महिन्याची पगाराची स्लिप काढा. पालक माझ्याकडे आले की मी हेच करायला लावते. जमा बाजूकडे सगळेच बघतात, मी कपातीच्या बाजूवर बोट ठेवते.

पहिली ओळ असते ईएसआयची. पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ही ०.७५ टक्के कपात असते. चाकणच्या व्हेंडर कंपन्यांत ठेकेदारीवर असलेल्या बहुतेकांच्या स्लिपवर ती दिसते. दवाखान्याच्या पलीकडे तिचा उपयोग कुणाला माहीत नसतो. ईएसआय महामंडळाची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत: हैदराबादला, चेन्नईला, बंगळूरला, आणि सोलापूरच्या पलीकडे कलबुर्गीला, जिथं दंत महाविद्यालयही आहे. या महाविद्यालयांत विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी राखीव जागा ठेवल्या जातात आणि त्यांची फी खासगीच्या मानानं फारच कमी असते. या जागा एमसीसीच्या फेऱ्यांतून भरतात आणि त्यासाठी ईएसआयच्या पोर्टलवरून विमाधारकाचा पाल्य असल्याचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत काढावं लागतं. त्या वर्षीची सूचना नीट वाचा, सेवेची सलगता आणि कपातीच्या अटी पाहा. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक घेऊ नका, जुनाच पुढे चालू ठेवा. दोन-तीन क्रमांक झाले की सलगता सिद्ध करणं जड जातं.

दुसरी ओळ पीएफची. १९५२ च्या योजनेत मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी आगाऊ रक्कम काढायची सोय आहे. जुना नियम असा, की सात वर्षं सभासद असाल तर स्वतःच्या वाट्यातली निम्मी रक्कम. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळानं अटी सैल करायचं ठरवलं: बारा महिन्यांची सेवा पुरे, शिक्षणासाठी दहा वेळांपर्यंत रक्कम, खात्यात किमान २५ टक्के शिल्लक. तुमच्या खात्याला आज काय लागू आहे ते यूएएन पोर्टलवर पाहा.

मिळतंय म्हणून लगेच काढू मात्र नका. तुमचं वय ४८ आहे आणि तुम्ही ३ लाख काढले असं धरू. पीएफवर २०२४-२५ मध्ये ८.२५ टक्के व्याज होतं. तोच दर टिकला तर ते ३ लाख तुमच्या अठ्ठावनाव्या वर्षी साडेसहा लाखांहून जास्त झाले असते. म्हणजे आज तुम्ही ३ लाख काढलेत, पण म्हातारपणातले साडेसहा लाख गेले. पीएफला शेवटी हात लावायचा, तोही पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची तातडी भागवण्यापुरता.

तिसरी ओळ जून आणि डिसेंबरच्या स्लिपमध्येच दिसते: कामगार कल्याण निधी. कपात इतकी छोटी, की तिच्याकडे लक्षही जात नाही. पण ज्याची कपात होते त्याची मुलं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीला पात्र ठरू शकतात. रक्कम मोठी नसते, पुस्तकांचा खर्च निघतो. जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन यंदाचा अर्ज कधी सुटतोय ते विचारा.

चौथी ओळ सोसायटीची, म्हणजे कामगार पतसंस्थेची. जुन्या कंपन्यांतल्या पतसंस्थांचं कर्ज बाहेरच्या पतपेढीपेक्षा आणि सावकारापेक्षा कितीतरी बरं. पण त्याचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो. हा फरक लक्षात ठेवा.

ज्यांच्या हातात स्लिपच नसते, त्या बांधकामावरच्या दादा-ताईंसाठीही सांगते. मोशी, रावेत, चऱ्होलीत टॉवर उभे करणारे हात तुमचे आहेत. तुमची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल आणि ती चालू असेल, तर मुलाच्या वैद्यकीय पदवीसाठी वर्षाला १ लाख रुपयांचं अर्थसहाय्य आहे. दोन अपत्यांपर्यंत मिळतं. नूतनीकरण चुकलं की ते थांबतं.

कर्जाचा हिशेब कागदावर

इतकं करूनही पैसे कमी पडतात, आणि मग बँक. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साधारण तीन पायऱ्या असतात. ४ लाखांपर्यंत तारण नाही. ४ ते साडेसात लाखांपर्यंत बँक जामीनदार मागू शकते. साडेसात लाखांच्या वर तारण. परतफेड शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षानं सुरू होते आणि पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते.

केंद्र सरकारनं ६ नोव्हेंबर २०२४ ला पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. एनआयआरएफ क्रमवारीत वर असलेल्या ठरावीक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर त्या काळातलं व्याज पूर्ण माफ होण्याचीही सोय आहे. तुमचं महाविद्यालय यादीत आहे का, ते अर्जाआधी पाहा. ओबीसी कुटुंबांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे. अल्पसंख्याक कुटुंबांना मौलाना आझाद महामंडळाकडून कमी व्याजाचं शैक्षणिक कर्ज मिळतं.

आता एक हिशेब माझ्याबरोबर करा. बीडीएसचा घेते, कारण तिथंच जास्त फसगत होते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी सरकारी दंत महाविद्यालयं मोजकीच आहेत, त्यामुळे बहुतेक मुलं खासगीत जातात. एमबीबीएस थोडक्यात हुकलं, दंतवैद्य तर दंतवैद्य, डॉक्टरच ना, असं म्हणत घर होकार देतं.

फी वर्षाला ३ लाख धरू, चार वर्षांचे १२ लाख. कर्ज १० टक्के दरानं, शिक्षणाच्या काळात सरळव्याज. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा, वर एक वर्ष सवलतीचं, म्हणजे सहा वर्षांनी हप्ता सुरू. पहिल्या वर्षीच्या ३ लाखांवर सहा वर्षांचं व्याज १ लाख ८० हजार. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर दीड लाख. तिसऱ्यावर १ लाख २० हजार. चौथ्यावर ९० हजार. एकूण व्याज ५ लाख ४० हजार. लेक पदवी घेऊन बाहेर पडून वर्ष होईल तेव्हा कर्ज १२ लाख नसतं, १७ लाख ४० हजार असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर दरमहा सुमारे २३ हजारांचा हप्ता.

नवख्या दंतवैद्याला दुसऱ्याच्या दवाखान्यात मिळणारा पहिला पगार अनेकदा याच्या आसपासच असतो. स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची, एक्स-रे, जागेचं डिपॉझिट, म्हणजे आणखी कर्ज. मी बीडीएसच्या विरोधात नाही. उत्तम दंतवैद्यांची आपल्या वस्त्यांना गरज आहे. वेफर आणि तंबाखूनं किडलेले दात मी वर्गातल्या मुलांचेही बघते. पण हप्ता कुणाच्या पगारातून जाणार, हे होकार देण्याआधी कागदावर लिहा.

या हिशेबातच दिलासाही आहे. शिक्षणाच्या काळात दरमहा नुसतं व्याज भरत गेलात, तर मुद्दल १२ लाखच राहतं आणि हप्ता सुमारे १६ हजारांवर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला अडीच हजार असतं, चौथ्या वर्षापासून दहा हजार. बऱ्याच बँका शिकताना व्याज भरणाऱ्यांना दरात एक टक्क्याची सूट देतात, ती मागून घ्या. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत कलम ८० ई खाली या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, रकमेला मर्यादा नाही.

फीच्या पलीकडचा खर्चही लिहा. फीमाफी शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्काची असते. विकासशुल्क, अनामत, मेस, पुस्तकं तुमच्याकडेच राहतात. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मुलं मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरायला शिकतात. त्यासाठीची हत्यारं, मेण, प्लॅस्टर आणि पुढच्या वर्षांचं साहित्य स्वतः विकत घ्यावं लागतं. सीनियर मुलांकडून जुनं साहित्य घ्यायची पद्धत सगळीकडे आहे. लेकीला सांगा, त्यात कमीपणा नाही.

घर आहे, पण तारण चालत नाही

आपल्या पट्ट्यात एक अडचण इतरांपेक्षा जास्त येते. चिखली, तळवडे, दिघी, मोशीत कामगारांनी पोटाला चिमटा काढून गुंठा-अर्धा गुंठा घेतला आणि त्यावर दोन मजले चढवले. घर लाखांचं आहे. पण मंजूर नकाशा नाही, खरेदीखत नीट नाही, तर बँक ते तारण म्हणून घेत नाही. नवनगर विकास प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावरचं घर असेल तर ना-हरकत दाखला लागतो आणि त्याला वेळ लागतो. गावची शेतजमीनही बँका सहसा घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. मग घाईत जमीन विकली जाते, तीही पडत्या भावानं.

म्हणून लेक अकरावीत गेली की घराचे कागद बँकेत दाखवून आणा. कर्ज मागायचं नाही, नुसतं विचारायचं: हे तारण चालेल का, आणखी काय लागेल? काय कमी आहे ते कळलं तर दोन वर्षांत कागद दुरुस्त होऊ शकतात. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात ते होणार नाही.

दाखल्यांचंही तेच. जातीचा दाखला मूळ गावच्या प्रांत कार्यालयाकडून मिळतो आणि जात पडताळणी त्या जिल्ह्याच्या समितीकडे होते. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी गोळा करायला गावी खेपा घालाव्या लागतात. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, ते विसरू नका. चाकणमध्ये राहणाऱ्यांचं तहसील कार्यालय राजगुरुनगरला आहे. उत्पन्नाचा दाखला काढताना आई-बाबा दोघांचंही उत्पन्न धरलं जातं. मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा, नाहीतर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खात्यात येत नाही.

आठ लाखांच्या थोडं वर असणाऱ्यांशी

कंपनीत कायम असलेल्या बाबांची एक वेगळी व्यथा आहे. पगारवाढीचा करार झाला, ओव्हरटाइम धरून उत्पन्न ८ लाखांच्या वर गेलं, आणि एकही योजना लागू होईना. शेजारच्या घराला सगळं मिळतं, आपल्याला काहीच नाही, ही खंत मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. उत्पन्न लपवून खोटा दाखला काढायचा मोह होतो. तो टाळा. पुढे दाखला खोटा ठरला तर प्रवेशच धोक्यात येतो आणि लेकीच्या नावाला कायमचा डाग लागतो. तुमच्यासाठी अकरावी-बारावीतली बचतीची दोन वर्षं हीच खरी मदत. पगारवाढीचा फरक हातात आला की नवी गाडी पुढे ढकला. कंपनीची आणि युनियनची पाल्यांसाठी शिष्यवृत्ती आहे का ते एचआरला आणि युनियनच्या कार्यालयाला विचारा. पगार नियमित असल्यानं बँकेत तुमची पत चांगली असते, ती वापरून दर कमी करून घ्या. दोन-तीन बँकांत फिरल्याशिवाय सही करू नका.

आणि तुमच्या नावावर कर्ज असेल तर टर्म विमा नक्की काढा. लाइनवर, प्रेसवर, रात्रीच्या महामार्गावर तुमचा जीव रोज पणाला लागतो. तुम्हाला काही झालं तर कर्जाचं ओझं लेकीच्या शिक्षणावर पडू नये.

फोन येतील, तेव्हा

निकालानंतर फोन सुरू होतात. "कन्फर्म सीट आहे, आज टोकन भरा." महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. जाहीर फीपेक्षा जास्त कुणी मागितलं तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.

परदेशातल्या स्वस्त एमबीबीएसचेही फोन येतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम आधी वाचा: किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, आणि त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता. परत आल्यावर परीक्षा, आणि पुन्हा इथली इंटर्नशिप. त्या परीक्षेत बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलं एका खेपेत पास होत नाहीत. एजंटच्या कागदावर फी असते, ही वर्षं नसतात. तुमच्या हिशेबात ती धरा.

लेकीला हिशेबात घ्या

आई-बाबांनो, आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपण मुलांपासून पैशाची गोष्ट लपवतो. त्यांनी फक्त अभ्यास करावा, ही आपली माया असते. पण मुलं घरातलं सगळं ओळखून असतात. त्यांना आकडा माहीत नसतो, म्हणून भीती मोठी होते. सतराव्या वर्षी त्यांना हे कळतं, समजावून सांगितलं तर नक्की कळतं.

एका रविवारी तिघं-चौघं एकत्र बसा. वर लिहिलेला हिशेब लेकीच्या हातानं करून घ्या. आपली बचत किती, पीएफ किती, त्यातलं कशाला हात लावायचा नाही, कर्ज किती झेपेल, धाकट्याच्या शिक्षणाला किती ठेवायचं, हे तिला सांगा. तिच्याकडून एक मर्यादा ठरवून घ्या: या आकड्याच्या वर गेलं तर आपण कोणती दुसरी वाट धरू? एक वर्ष पुन्हा तयारी, आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी, की दुसरंच काही? ही मर्यादा निकालाआधी ठरली असेल, तर निकालानंतर घरात भांडण होत नाही आणि लेकीला नकार म्हणजे अपयश वाटत नाही.

तिनं डॉक्टर व्हावं, हे स्वप्न तुम्ही मशीनवर उभं राहून पाहिलंय, त्याचा मला फार आदर आहे. ते पूर्ण व्हावं म्हणूनच सांगते: सीईटी सेलचं माहितीपत्रक यंदाच वाचायला घ्या, या महिन्याची पगाराची स्लिप फाइलला लावा आणि दाखल्यांसाठी गावी जायची तारीख ठरवा. फॉर्म भरताना अडलं तर तुमच्या कॉलेजच्या शिक्षकांना विचारा, मला विचारा. पैशाचं बोलायला आलेल्या पालकाला मी आजवर परत पाठवलेलं नाही, पुढेही पाठवणार नाही.